कपाटातलं टोपडं

माझ्या मावशीला सगळेच मावशी म्हणतात. विणकाम करणाऱ्या चौतीस जणी म्हणतात, लोकर आणणारा टेम्पोवाला म्हणतो, तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला रंगारीही म्हणतो. मी तिची सख्खी भाची, पण ऑफिसात त्या नात्याचा मला काडीचा उपयोग झालेला नाही. मला पाच मिनिटं उशीर झाला की ती गळ्यातली मोजपट्टी चाचपत माझ्याकडे अशी बघते की संध्याकाळी मीच निमूटपणे दहा मिनिटं जास्त थांबते.

ती मोजपट्टी कायम तिच्या गळ्यात. जेवताना पाठीवर टाकते, तोंड धुताना खांद्यावर घेते. मावशी स्वतः विणत नाही, तिला ते कधी जमलंच नाही. लग्नाआधी ती एका शिंप्याकडे काजं-बटणं करायची, तिथे तिला मापाची गोडी लागली आणि ती आजवर सुटलेली नाही. आमच्या गटात तिचं काम एवढंच, आलेला प्रत्येक नग तीन ठिकाणी मोजायचा आणि चिठ्ठीवर ‘पास’चा शिक्का मारायचा, नाहीतर परत द्यायचा. परत म्हणजे उसवा आणि पुन्हा विणा. तिच्या नाकावर माशी बसत नाही, असं बायका म्हणतात. बसलीच तर मावशी आधी तिचं माप घेईल, असंही म्हणतात.

आमचं काम सांगण्यासारखं फार नाही. चौतीस जणी घरी बसून तान्ह्या मुलांचे मोजे, टोपडी, लहान पांघरुणं विणतात आणि सोमवार-गुरुवारी आणून देतात. समुद्रापलीकडे एक लहानशी व्यापारी संस्था आहे, चार-पाच माणसांची, ती हा माल घेऊन तिथल्या दुकानांना देते. याला रास्त व्यापार म्हणतात. म्हणजे भाव दोघांनी बसून ठरवायचा, निम्मे पैसे आधी यायचे, आणि यंदा तुम्ही, पुढच्या वर्षी दुसरेच कोणी, असं करायचं नाही. अकरा वर्षं झाली, त्यांनी शब्द मोडलेला नाही. त्या बदल्यात ते फॉर्म पाठवतात. वर्षातून एकदा एक्केचाळीस प्रश्नांचा फॉर्म येतो आणि तो भरता भरता माझा जीव मेटाकुटीला येतो, कारण त्यांची भाषा इथे फक्त मला येते.

त्या संस्थेच्या प्रमुख बाईंना आम्ही पलीकडच्या बाई म्हणतो. प्रत्येक नगाला त्या एक कार्ड बांधायला लावतात. कार्डावर विणणाऱ्या दोन हातांचा फोटो आहे. ते हात थोरल्या काकूंचे. काकू गटातल्या पहिल्या विणकर, आता सत्तरीच्या. फोटो काढायचा ठरला तेव्हा बाकीच्या जणी नटूनथटून आल्या होत्या, आणि पलीकडच्या बाईंनी कोपऱ्यात विणत बसलेल्या काकूंचे हात तेवढे टिपले. काकू त्यावर वर्षभर कुरकुरत होत्या की बोटाला चिंधी बांधलेली होती, निदान ती तरी सोडू द्यायची.

आता कपाटाबद्दल सांगते, कारण सगळं तिथूनच झालं. ऑफिसच्या भिंतीला एक लोखंडी कपाट आहे, काचेच्या दाराचं. नवा नग ठरला की त्याचे दोन सारखे नमुने विणतात. एक पलीकडे जातो, एक लाल शिक्क्याची चिठ्ठी बांधून या कपाटात बसतो. पुढे कधीही ऑर्डर आली की ‘नमुन्याप्रमाणे’ एवढं लिहिलेलं पुरतं. कपाटाची किल्ली मावशीच्या कमरेला. नमुन्याला कोणी हात लावायचा नाही, बोटही नाही, माप तीच घेणार आणि तीच सांगणार. “कागदावर लिहिणारा चुकतो,” ती म्हणायची. “नग चुकत नाही.”

यंदा तीन नंबरच्या टोपड्यांची ऑर्डर आली. सहाशे नग, दोन महिन्यांत. ते टोपडं गेल्या पाच वर्षांत कोणी मागितलं नव्हतं, पण बायकांना ते तोंडपाठ होतं. शहात्तर टाके घालायचे, चार बोटं काठ, मग सुलट विण. पहिल्या सोमवारी पन्नासेक टोपडी आली. मावशीने कपाट उघडलं, नमुना टेबलावर ठेवला, पट्टी लावली आणि पहिलंच टोपडं बाजूला सरकवलं.

“मोठं आहे.”

दुसरंही मोठं, तिसरंही. सगळी पन्नास मोठी. नमुना चौतीस सेंटिमीटर आणि ही अडतीस. मावशीने सगळी परत दिली आणि सांगितलं की आठ टाके कमी करा, अडुसष्ट घाला. बायका चिडल्या, पण मावशीच्या पट्टीपुढे हात टेकायची सवय होती त्यांना. पाच वर्षांत आपणच विसरलो असू, असं म्हणत त्यांनी पिशव्या उचलल्या.

थोरल्या काकू तेवढ्या उठल्या नाहीत. “शहात्तरच,” त्या म्हणाल्या. “मीच घातले होते पहिल्यांदा. जरा तो नमुना इकडे दे बघू.”

“काकू, नमुना हातात देत नाही मी कोणाच्या. तुम्हाला ठाऊक आहे.”

“अगं, मीच विणलाय तो!”

“म्हणून काय झालं? नियम तो नियम.”

काकूंनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सहा टोपडी पिशवीत कोंबून निघून गेल्या. गुरुवारी त्यांनी सहा नवी आणली, तीही शहात्तर टाक्यांची, हट्टाने. मावशीने परत दिली. त्यानंतरच्या सोमवारी त्या मुकाट्याने अडुसष्ट घालून आल्या. तरीही टोपडी छत्तीस भरली. त्यांच्या हाताने आपोआप विण सैल सोडली होती. तेव्हा हसू आलं होतं मला, आज आठवलं की स्वतःला चार शब्द सुनावावेसे वाटतात. मावशीने तिसऱ्यांदा ती सहा टोपडी परत दिली. एकूण अठरा झाली.

“डोळे तपासून घ्या, काकू,” ती म्हणाली. चांगल्या मनानेच म्हणाली.

काकूंनी डोळे तपासून घेतले. डोळे ठीक होते. मग त्या यायच्याच थांबल्या.

सव्वीस दिवस गेले. तीनशे ऐंशी टोपडी ‘पास’ होऊन खोक्यांत बसली, प्रत्येकाला काकूंच्या हातांचं कार्ड बांधून. सव्विसाव्या दिवशी दुपारी माझी मावसबहीण, म्हणजे मावशीची मुलगी, तिच्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन सहज डोकावली. मावशी माप घेत होती, कपाट उघडं होतं, नमुना टेबलावर होता. बहीण वाकून बघायला लागली आणि एकदम हसली.

“अय्या, आई, हे तर हिचं टोपडं! अजून आहे हे?”

मावशीचा हात थांबला.

“दवाखान्यात नाही का आणलं होतंस? ही एवढीशी जन्मली, सातव्या महिन्यात, डोकं गार पडत होतं, आणि तू कुठूनसं हे घेऊन पळत आलीस. तेरा दिवस घातलं होतं. मग मीच चांगलं कढत पाण्यात धुऊन दिलं तुला परत. हिच्या दुधाचे डाग जाता जात नव्हते.”

लोकर कढत पाण्यात घातली की आटते आणि घट्ट होते, हे आमच्याकडे फरशी पुसणारीलाही माहीत आहे. मावशीने नमुना उचलून पालथा केला. आतली विण आटून एकजीव झाली होती, टाके मोजायचे म्हटले तरी मोजता आले नसते. कोणाच्याही बोटाला कळलं असतं. म्हणजे ज्याला हात लावू दिला असता, त्याच्या.

बहीण गेल्यावर मी दार लावलं. मावशी खुर्चीत बसली, लगेच उठली, पुन्हा बसली.

“एका दिवसासाठी नेलं होतं गं,” ती म्हणाली. “तेरा झाले. मग आणून ठेवलं, चिठ्ठी बांधली. मोजलं नाही. मला ते मोजायची भीती वाटली असेल. डोक्यातून काढूनच टाकलं मी.”

“मग आता काम थांबवायला हवं. बायकांना सांगायला हवं.”

“सांगू. जरा नीट वेळ बघून सांगू.”

आणि इथे मीही गप्प बसले, हे लपवण्यात अर्थ नाही. मला वाटलं, तिची नात वाचली त्या टोपड्यात, तिला दोन दिवस द्यावेत. दोनाचे नऊ झाले.

ते नऊ दिवस मी विसरणार नाही. मावशीच्या पायाला भिंगरी लागली. टेबलापाशी यायची, खोकं उघडायची, बंद करायची, खिडकीशी जायची. सोमवारी बायका आल्या तेव्हा तिने टोपडी मोजली, चौतीस भरली आणि तिने शिक्का मारला. चूक ठाऊक असताना मारला. एकेक शिक्का पडत होता. बायका गेल्यावर ती भलतंच मोजायला लागायची. टेबल मोजलं, दाराची चौकट मोजली, एकदा माझं मनगट मोजलं आणि आकडा ऐकवला, जसं काही मीच विचारलं होतं. चहा करून ठेवला की तो तसाच गार व्हायचा. घरी तिच्या नवऱ्याने, म्हणजे काकांनी, विचारलं तर त्यांच्यावर खेकसली. मला फोन करायची आणि काही न बोलता ठेवायची.

मी तरी कुठली धुतल्या तांदळासारखी होते? पलीकडच्या बाईंना आठवड्याला दोन पत्रं जायची, आणि दोन्हीत मी लिहीत होते, ‘काम ठरल्याप्रमाणे चालू आहे.’

त्यातच तो वर्षाचा फॉर्म भरायची मुदत आली. अठ्ठावीस प्रश्न मी उरकले. एकोणतिसावा मोठ्याने वाचला, कारण मावशी समोर उभी होती आणि मला तिला ऐकवायचं होतं. “या वर्षी कोणाचं काम परत केलं का? कोणाचं, किती वेळा, कशासाठी? त्या व्यक्तीला तिची बाजू मांडता आली का?”

“पुढचा घे,” मावशी म्हणाली.

“पुढचा घेता येत नाही. हा रिकामा सोडला तर फॉर्म पुढे सरकत नाही.”

ती काही बोलणार तेवढ्यात दारात थोरल्या काकू दिसल्या. जिना चढून दम लागला होता. त्यांनी पदराखालून एक कापडी गुंडाळी काढली आणि टेबलावर ठेवली. आत गटाच्या सुया होत्या, पाच जोड, घासूनपुसून लख्ख केलेल्या.

“दुसऱ्या कोणाला तरी द्या,” त्या म्हणाल्या. “माझे हात गेले.”

“काकू...” मावशी म्हणाली.

“खरंच गेले. मी घरी बसून पाहिलं. काय विणतेय तेच कळेना. शहात्तर बरोबर वाटतात, आणि तुझी पट्टी तर खोटं सांगत नाही. म्हणजे माझ्यातच काहीतरी बिघडलंय. सून म्हणते, वय झालं. झालं असेल.” त्या जरा हसल्या. “त्या कार्डावरचा फोटोही बदलून घ्या. उगाच लोकांना फसवायचं कशाला?”

एवढं बोलून त्या कठड्याला धरून जिना उतरल्या. मावशीने गुंडाळी उचलली, खणात ठेवायला गेली आणि खण उघडून तशीच उभी राहिली. मग गुंडाळी हातात घेऊन खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लागली. पाचव्या-सहाव्या फेरीला तिने नमुना उचलून गुंडाळीसकट पिशवीत टाकला, चप्पल घातली आणि म्हणाली, “चल.”

काकूंचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. त्या स्वयंपाकघरात भाजी निवडत बसल्या होत्या. मावशी बसली नाही. उभ्या उभ्याच तिने नमुना काढला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा एका विणकरणीच्या हातात दिला.

काकूंनी तो हातात घेतला मात्र, त्यांचा अंगठा आत गेला, आतल्या विणीवरून एकदा फिरला. “हे धुतलंय,” त्या म्हणाल्या. “कढत पाण्यात धुतलंय कोणीतरी.”

मावशीने सगळं सांगितलं. नातीचं, दवाखान्याचं, तेरा दिवसांचं, आणि नऊ दिवसांचंही.

“थांब,” काकू म्हणाल्या. “ते राहू दे. माझी टोपडी बरोबर होती?”

“बरोबर होती.”

“पहिली बारा? शहात्तरची?”

“अगदी बरोबर होती, काकू. उरलेली सहाही तुमच्या हाताने आपणहून मोठी करायला घेतली होती. मीच...”

काकूंनी डोळे मिटले. त्या रागावतील, रडतील, असं मला वाटत होतं. त्यांनी निवडलेली भाजी बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, “नात वाचली, ते फार चांगलं झालं. तेव्हा मागितलं असतंस तर रात्रभर जागून नवं विणून दिलं असतं मी.” आणि मग आवाज चढला. “पण नऊ दिवस? अगं, मला वाटलं मला वेड लागतंय! मी नातवंडांना हात लावायला घाबरत होते, चहाचा कप उचलायला घाबरत होते. तुला एक शब्द बोलता आला नाही?”

मावशीने पिशवीतून सुयांची गुंडाळी काढून त्यांच्यापुढे ठेवली.

“इथे माझ्या स्वयंपाकघरात सांगून उपयोग नाही,” काकू म्हणाल्या. “जिथे मोठं आहे म्हणालीस, तिथे सांग.”

त्या संध्याकाळी पलीकडच्या बाईंना फोन लावला. मी बोलत होते, मावशी माझ्या खांद्याला धरून उभी होती. त्यांनी त्यांच्याकडचा नमुना काढून मोजला. अडतीस. त्या संतापल्या नाहीत, पण गोडही बोलल्या नाहीत. दुकानांना त्या स्वतः समजावणार होत्या, दोनशे टोपडी ठरल्या तारखेला हवीत आणि बाकीची उन्हाळ्याआधी. लहान झालेल्यांपैकी पन्नास त्या तिथल्या दवाखान्याला देऊन बघणार होत्या, उरलेली उसवावीच लागणार होती. वाया गेलेल्या कामाची मजुरी निम्मी त्या सोसणार, निम्मी गट. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, “चूक कोणाकडूनही होते. पण मला नऊ दिवसांनी का कळलं?” ते मी मावशीला भाषांतर करून सांगितलं नाही. तिने माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं.

गुरुवारी सगळ्या आल्या. मावशी टेबलामागे न बसता पुढे येऊन उभी राहिली आणि तिने जसं काकूंना सांगितलं तसंच सगळं सांगितलं. गलका झाला. होणारच. एकीने तर तोंडावर सुनावलं, “आमच्या वेळी एका धाग्याचा फरक चालत नव्हता, मावशी.” मावशी म्हणाली, “हो. चालत नव्हता.” मग तिने खोकी उघडली, जमिनीवर बसली आणि पहिल्या टोपड्याचा धागा सोडला. तिला उसवताही धड येत नव्हतं. गाठी होत होत्या. हळूहळू दोघी-तिघी शेजारी बसल्या आणि बाकीच्याही बसल्या. कार्डं सोडून एका ताटलीत ठेवली जात होती, काकूंच्या हातांवर काकूंचे हात रचले जात होते.

थोरल्या काकू खिडकीपाशी बसल्या. त्यांनी आपली गुंडाळी सोडली, शहात्तर टाके घातले आणि विणायला लागल्या. दोन-तीनदा थांबून बोटं चोळली, पुन्हा सुया धरल्या. दुपार कलली तेव्हा टाके बंद करून त्या उठल्या आणि जमिनीवर बसलेल्या मावशीपुढे टोपडं धरलं.

“मोज.”

“काकू, आता कशाला? मला ठाऊक आहे...”

“मोज म्हणते ना. आणि मोठ्याने सांग.”

मावशीने टोपडं मांडीवर सपाट केलं, पट्टी लावली. काढली, पुन्हा लावली. मी तिच्या मागे उभी होते. मला आकडा दिसला. एकोणचाळीस. इतके दिवस स्वतःवरच शंका घेणाऱ्या हातांनी काठाशी कुठेतरी धागा सैल सोडला होता. चौतीस जणी बघत होत्या. म्हण गं अडतीस, मी मनात म्हणत होते, एवढ्या वेळेला म्हण, कोणाचं काय जाणार आहे?

मावशीने मान वर केली.

“एकोणचाळीस,” ती म्हणाली. “एकाने मोठं आहे, काकू.”

काकूंनी टोपडं तिच्या हातातून घेतलं, काठावरून अंगठा फिरवला आणि एके ठिकाणी थांबल्या.

“हं,” त्या म्हणाल्या. “इथेच. मलाही विणताना तसंच वाटलं होतं.”

त्या मावशीशेजारी जमिनीवर बसल्या, सुईच्या टोकाने धागा सोडवला आणि त्याचं टोक मावशीच्या हातात दिलं.

“धर. गुंडा कर. आणि घट्ट गुंडाळू नकोस, लोकर ताणते.”

मावशी गुंडाळायला लागली.